निफाडच्या घराची वही

वाचकांचे प्रश्न : पुन्हा कामावर येताना

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी सिव्हिल इंजिनिअर, वय ४४. २००३ ते २०१४ पुण्यात नोकरी केली. आधी साइट इंजिनिअर, मग प्लॅनिंग, आणि शेवटची तीन वर्षं एका गृहप्रकल्पावर असिस्टंट प्रोजेक्ट मॅनेजर. धाकटीच्या वेळी नोकरी सोडली. वर्षभरात सासूबाईंना पक्षाघात झाला, त्याच सुमारास मिस्टरांची बदली नाशिकला झाली आणि परत जाणं राहूनच गेलं. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. थोरला सोळाचा आहे, धाकटी अकराची. मध्ये २०१९ साली माहेरी निफाडला वडिलांचं घर बांधलं, ते मी पाहिलं, पण ती काही नोकरी नव्हे. आता तीन मुलाखती दिल्या. दोन ठिकाणी 'अकरा वर्षं काय केलंत?' या प्रश्नावरच मी अडखळले. तिसऱ्या ठिकाणी ज्युनिअर प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून घ्यायला तयार आहेत, पगार ३२ हजार. २०१४ मध्ये मला ४१ हजार मिळत होते. माझा वरिष्ठ ३१ वर्षांचा असेल. एक मैत्रीण म्हणते आधी पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र) कर, दुसरी म्हणते मधली वर्षं 'फ्रीलान्स कन्सल्टंट' म्हणून दाखव. मिस्टर नको म्हणत नाहीत, पण 'आता या वयात उन्हात कशाला?' असं दोनदा म्हणून झालंय. आपल्याला काही येतच नाही, असं रात्री वाटत राहतं. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातली निफाडच्या घराची ओळ मी परत परत वाचली. एवढ्या मोठ्या पत्रात त्या घराला जेमतेम एक ओळ मिळाली, आणि तीही 'ती काही नोकरी नव्हे' म्हणून तुम्ही मिटवून टाकलीत. मला मात्र तिथूनच सुरुवात करायची आहे.

त्या घराचं आरसीसी ड्रॉइंग कुणी वाचलं? सळई किती लागणार याचा हिशेब कुणी काढला? गवंड्याशी चौरस फुटावर ठरलं होतं की मापावर, आणि मापं घ्यायला टेप कुणाच्या हातात होता? निफाडला काळी माती. पायाला किती खोल जावं लागलं, मुरूम किती ट्रॅक्टर पडला, पाऊस लागायच्या आत जोतं वर आलं का? यातलं बरंचसं तुम्ही लिहून ठेवलं असणार. अकरा वर्षं साइटवर काढलेली बाई वहीशिवाय घर बांधणार नाही. ती वही शोधा. बायोडेटात २०१९ च्या पुढे लिहा : निफाड, स्वतंत्र घर, इतके मजले, इतके चौरस फूट, काम अमुक महिन्यात सुरू, अमुक महिन्यात राहायला गेलो, ठरवलेला खर्च इतका, झालेला इतका. पगार घेतला नव्हता, तेही खाली स्पष्ट लिहा. कुटुंबाचं घर होतं हे लपवू नका. समोरच्या माणसाला त्यातून दोन गोष्टी कळतील. एक म्हणजे, तुमचा हात सुटून अकरा वर्षं झालेली नाहीत. दुसरी म्हणजे, जीएसटी आल्यानंतरच्या बाजारात सिमेंट-सळई तुम्ही स्वतः घेतलेली आहे.

'फ्रीलान्स कन्सल्टंट' मात्र लिहू नका. मैत्रिणीनं आपुलकीनं सुचवलं असेल, पण पहिलाच प्रश्न येईल 'कुणाकडे?' आणि तिथून पुढे एकेक खोटं बोलत जावं लागेल. नाशिक एवढं मोठं नाही. कॉन्ट्रॅक्टर, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट एकमेकांना ओळखतात, फोन लावतात. आपल्या धंद्यात प्रोग्रेस रिपोर्टवर सही करणाऱ्या माणसाचा शब्द खरा लागतो, आणि तुम्हाला तर तीच खुर्ची हवी आहे.

तसंच 'घर सांभाळणं म्हणजेही प्रोजेक्ट मॅनेजमेंट' असं वाक्य आजकाल बायोडेटात दिसतं. तेही नको. पक्षाघात झालेल्या माणसाला रोज कुशीवर वळवणं, वेळेवर औषध देणं, पाठीला जखम होऊ न देणं हे तुम्ही वर्षानुवर्षं केलंत. त्या कामाला ऑफिसच्या भाषेत बसवायची गरज नाही. ते त्याच्या जागी फार मोठं आहे. विचारलं तर सरळ सांगा : 'मुलगी लहान होती, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. घरात मी होते. गेल्या वर्षी त्या गेल्या. आता पूर्ण वेळ देऊ शकते.' चार वाक्यं, त्यावर पाचवं नको. अडखळायला होतं ते आपण माफी मागायला लागतो म्हणून.

आता माझं सांगते. मी २००४ ते २०१२ घरी होते. परतले ती पुण्यातल्या एका निवासी प्रकल्पावर, प्लॅनिंगलाच. तुमच्यासारखीच मीही रात्री जागी असायचे, आणि भीती होती ती कॉम्प्युटरची. ते शिकायला प्रत्यक्षात सहा आठवडे लागले. चूक झाली ती जिथे मी स्वतःला पक्की समजत होते तिथे.

माझ्या आधीच्या सगळ्या साइट प्लायवुडच्या शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा प्लायवुडचा. कॉलम, बीम, स्लॅब, मग वीटकाम, आणि वीटकाम झाल्यावर इलेक्ट्रिशियन झिऱ्या मारून, म्हणजे भिंतीत खोबणी पाडून, पाइप टाकणार. हा क्रम माझ्या अंगात मुरलेला. नव्या साइटवर ॲल्युमिनियम फॉर्मवर्क होतं, ज्याला सगळे मायवानच म्हणतात. त्यात भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओततात, वीटकाम जवळपास नसतंच. आठ-दहा दिवसांत मजला उभा. मी प्रोग्रॅम, म्हणजे कामांचं वेळापत्रक, केला, स्लॅबच्या तारखा बरोबर धरल्या, आणि इलेक्ट्रिकलची वर्क ऑर्डर जुन्या सवयीनं दोन महिने पुढे ठेवली. पहिल्या टिपिकल मजल्याच्या स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी फोरमननं विचारलं, 'मॅडम, बोर्डाचे डबे कोण बांधणार?' मला प्रश्नच कळला नाही. भिंतीची जाळी बांधून झाली होती, पॅनेल लावायला सुरुवात झाली होती, आणि स्विचबोर्डचे डबे नि पाइप त्या जाळीतच बांधायचे असतात. रात्री शेजारच्या साइटवरून दोन इलेक्ट्रिशियन आणले, तरी दोन फ्लॅटच्या चार भिंती तशाच गेल्या. नंतर काँक्रीटमध्ये झिरी मारायला आरसीसी कन्सल्टंटनं साफ नकार दिला. बोर्डांच्या जागा बदलून वायरिंग फिरवून घ्यावं लागलं. खर्च फार नव्हता. पण त्या रात्री मला नेमकं कळलं की गॅपमध्ये काय शिळं होतं : कामांचा क्रम. अमुक काम तमुकच्या नंतर, हे आपल्याला इतकं पाठ असतं की ते तपासायचंच राहून जातं.

म्हणून माझं सांगणं, कोर्स शोधायच्या आधी २०१४ नंतर क्रम कुठे बदललाय त्याची एक यादी करा. माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात वरचं नाव महारेराचं, म्हणजे रेरा कायद्याखाली गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं. तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा तो कायदा नव्हता. २०१६ चा कायदा, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून प्राधिकरणाचं काम सुरू. वकिलाला त्यातली कलमं महत्त्वाची, आपल्याला त्यातला पैसा आणि तारीख महत्त्वाची. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, ते फक्त जमीन आणि बांधकाम यांवर खर्च करायचे, आणि काढायचे तेही काम जितकं पुढे गेलं त्या प्रमाणात. ते प्रमाण आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि चार्टर्ड अकाउंटंट यांनी प्रमाणित करायचं. तुम्हाला आठवत असेल, आपल्या वेळी '६५ टक्के झालं' हा आकडा महिन्याच्या मीटिंगपुरता असायचा. पाच इकडे, पाच तिकडे, बिल्डर आणि कॉन्ट्रॅक्टर आपसात बघून घ्यायचे. आता त्या आकड्यावर पैसे सुटतात. पूर्णत्वाची तारीख संकेतस्थळावर कुणालाही दिसते, दर तिमाहीला प्रगती भरावी लागते, आणि ताबा लांबला तर ग्राहकाला व्याज मागता येतं. म्हणजे जो माणूस साइटवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी मोजतो आणि तेच लिहितो, त्याची किंमत तुम्ही सोडून गेलात तेव्हापेक्षा आज जास्त आहे. हे तुम्हाला येतं. निफाडला गवंड्याच्या बिलाची मापं घेतलीत ना, तेच.

बाकीचं लवकर उरकण्यासारखं. व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्स जाऊन १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १ एप्रिल २०१९ पासून नव्या निवासी प्रकल्पांना इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टरच्या बिलावरचा कर प्रकल्पाच्या खर्चातच धरायचा. अंदाजपत्रक वाचताना हे डोक्यात असू द्या. डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका आणि काही क्षेत्रं सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, यूडीसीपीआर. नाशिकला तीच लागू. पाठ करायची गरज नाही, पण कुठली परवानगी कशानंतर येते ते समजून घ्या, कारण तोही क्रमच आहे. २०१६ मध्ये भूकंपाची आयएस १८९३ आणि डक्टाइल डिटेलिंगची (भूकंपात इमारत एकदम तुटू नये अशी सळईची मांडणी) आयएस १३९२० या दोन्ही संहिता सुधारल्या. स्टील चेक करायला उभ्या राहाल तेव्हा जुन्या अंदाजावर जाऊ नका, ड्रॉइंग हातात घ्या.

आणि बदललेलं नाही ते किती आहे बघा. क्रिटिकल पाथची पद्धत, म्हणजे कुठली कामं लांबली तर सगळा प्रकल्प लांबतो ते शोधायची, १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या कामातून आली. पुढून हिशेब, मागून हिशेब, उरलेला फ्लोट, म्हणजे कामाच्या हातातला मोकळा वेळ. तुम्ही कॉलेजात कागदावर सोडवलंत तेच गणित प्रायमाव्हेरा हे आजचं वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर आतल्या आत सोडवतं. तुम्ही एमएस प्रोजेक्ट वापरलं असेल तर प्रायमाव्हेराची बटणं वेगळी आहेत, एवढंच. एक क्लास लावा, घरी रोज दोन तास बसा आणि सरावाला निफाडचंच घर घाला. बनावट उदाहरणावर शिकू नका. कुठल्या दिवशी सुतार आला नाही म्हणून काय अडलं, हे तुम्हाला ठाऊक असलेल्या कामावरच सॉफ्टवेअर खरं कळतं.

पाऊस जूनमध्येच येतो. पायाचं काम त्याच्या आत नाही झालं तर खड्ड्यात पाणी आणि पंप. दिवाळीनंतर छठपूजेला बिहारची माणसं जातात, होळीला पुन्हा जातात, आणि परतीचं तिकीट मिळेल तेव्हा येतात. तरण्या प्लॅनरच्या प्रोग्रॅममध्ये मी कित्येकदा पाहिलंय, त्या पंधरवड्यात स्लॅबच्या दोन तारखा टाकलेल्या असतात. तुम्ही नाही टाकणार. परतल्यावरचे पहिले तीन महिने मी रोज सकाळी साडेआठला हजेरीच्या ठिकाणी उभी राहायचे आणि मुकादमाला एकच विचारायचे, 'उद्या किती?' सेंट्रिंगवाले किती, सळई बांधणारे फिटर किती, बिगारी किती. प्रोग्रॅममध्ये चौदा फिटर लिहिलेत आणि उभे आठ, तर स्लॅब कधी होणार ते तिथेच कळतं. संध्याकाळच्या रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. पंधरा दिवसांनी मुकादम स्वतःहून सांगायला लागला, 'मॅडम, सोमवारी चार कमी येतील, गावाला लग्न आहे.'

पीएमपीचं विचारलंत. आत्ता नको, आणि आत्ता बहुधा मिळणारही नाही. पदवीधराला तीन वर्षं प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव दाखवावा लागतो, तोही अर्जाआधीच्या ठरावीक वर्षांतला. तुमची पुण्यातली वर्षं त्यात धरली जाणार नाहीत. पीएमपी देणाऱ्या संस्थेचीच सीएपीएम नावाची परीक्षा अनुभवाशिवाय देता येते, त्याला २३ तासांचं प्रशिक्षण लागतं. आत्मविश्वासासाठी द्यावीशी वाटली तर द्या, पण तिच्यासाठी नोकरी थांबवू नका. बांधकामात साइटवर घेणारा माणूस प्रमाणपत्राआधी 'शेवटचं काम कोणतं?' हे विचारतो. मोठ्या कंपन्यांत परतणाऱ्या स्त्रियांसाठी खास योजना असतात. टाटा समूहानं २००८ मध्ये अशी एक सुरू केली होती. तिथेही डोळा ठेवा. नाशिकमध्ये सध्या सिंहस्थाची कामं चालू आहेत. रस्ते, पूल, मलनिस्सारण. सरकारी कामांवर देखरेख करणाऱ्या पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टन्सी) कंपन्यांना मोजमाप आणि प्रोग्रॅम जाणणारी माणसं लागतात. पर्वणीची तारीख कुणाला पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे तिथे हाताला काम भरपूर आहे.

आता त्या ३२ हजारांबद्दल. आकडा मलाही लागला, खोटं नाही बोलत. अकरा वर्षांपूर्वी मिळत होतं त्याहून कमी, आणि मधल्या काळात सगळं महागलेलं. तरी आकड्यावरून लगेच नाही म्हणू नका. त्यांना विचारा, 'माझ्याकडे काम काय असेल?' कॉन्ट्रॅक्टरनं व्हॉट्सॲपवर पाठवलेले आकडे एक्सेलमध्ये भरायचे आणि संध्याकाळी रिपोर्ट पाठवायचा, एवढंच असेल तर घेऊ नका. वर्षभरानं तुमच्या बायोडेटात त्यानं काहीच वाढणार नाही. एका इमारतीचा प्रोग्रॅम पूर्ण तुमच्याकडे देणार असतील, आरए बिलं (काम चालू असताना कॉन्ट्रॅक्टर टप्प्याटप्प्यानं देतो ती) तपासायला मिळणार असतील, महारेराच्या तिमाही माहितीत तुमचा हात असेल, तर घ्या. पण दोन गोष्टी ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार, आणि पदनामातून 'ज्युनिअर' काढणं. तोंडी 'बघू मॅडम'वर जाऊ नका. मी गेले होते, त्या 'बघू'ला अठरा महिने लागले.

वरिष्ठ ३१ वर्षांचा आहे, त्याचं मनाला लावून घेऊ नका. साइटवर तो तुम्हाला मॅडम म्हणेल, तुम्ही त्याला सर म्हणा, तिथली रीतच ती आहे. त्याला सॉफ्टवेअर तुमच्याहून येईल, ते मोकळेपणानं विचारा. त्यालाही कधीतरी छठचा पंधरवडा कुणीतरी आधी सांगायला हवा असतो. चारचौघांत नाही, चहाच्या वेळी सांगा.

आणखी एक प्रश्न मुलाखतीतच विचारा, लाजू नका : साइटवर बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, पाणी आहे का, त्याची कडी आतून लागते का? मी पहिल्या नोकरीत हे विचारलं नाही. दिवसभर पाणी न पिता काढायचे आणि मूत्रमार्गाच्या त्रासानं तीनदा दवाखाना गाठला. या प्रश्नावर समोरचा चाचरला तर प्रत्यक्ष साइट बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

मिस्टरांचं. उन्हाची काळजी खरी असेल तर टोपी नि पाण्याची बाटली पुरते. मला वाटतं त्यांना विचारायचंय ते वेगळंच : स्लॅबच्या दिवशी रात्रीचे दहा वाजले तर घरी कोण? त्याचं उत्तर आधीच ठरवा, दोघं बसून. महिन्यात असे किती दिवस येतील ते अंदाजानं सांगा, त्या दिवशी ते सहाला घरी येतील, मुलीचं जेवण-अभ्यास ते बघतील, असं ठरलेलं असू द्या. सोळा वर्षांच्या मुलालाही कुकर लावता आला पाहिजे.

आणि पुढच्या मुलाखतीआधी एवढं करा. महारेराच्या संकेतस्थळावर त्या कंपनीचा चालू प्रकल्प उघडा. सुरुवातीला दिलेली तारीख, मुदतवाढ घेतली असेल तर ती, आणि शेवटच्या तिमाहीत भरलेली प्रगती उतरवून घ्या. मग प्रत्यक्ष तिथे जा. गेटसमोर रस्त्याच्या पलीकडे उभं राहून स्लॅब मोजा. वीटकाम कितव्या मजल्यापर्यंत आलंय, बाहेरचा गिलावा सुरू झालाय का, लिफ्टचं सामान येऊन पडलंय का, हे रस्त्यावरूनही दिसतं. सकाळी आठ ते नऊ थांबलात तर माणसं किती आत जातात तेही कळेल. मुलाखतीत 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणतील तेव्हा तारखेचं विचारा. 'बी विंगचे सात स्लॅब झालेत, डिसेंबरपर्यंत बारावा गाठायचाय, तर सेंट्रिंगचे दोन सेट आहेत का?' असा प्रश्न विचारणाऱ्या बाईला अकरा वर्षांचं कुणी फार वेळ विचारत बसत नाही.

निफाडची वहीही बरोबर न्या. पानांना सिमेंट लागलेलं असलं तरी तशीच न्या, नव्यानं उतरवून काढू नका. आणि सापडलीच नाही, तर वडिलांना विचारा. सिमेंटच्या, सळईच्या पावत्या त्यांनी अजून तारेला टोचून ठेवलेल्या असतील.